राजकीय बातमी कशी पारखावी: कोल्हापूरच्या नव्या वाचकासाठी

कोल्हापूर जिल्ह्यात राजकारण विधानसभा आणि लोकसभेपुरते मर्यादित नाही. दूध संघ, साखर कारखाने, जिल्हा बँक, बाजार समिती आणि गावातील सेवा संस्था या सर्व ठिकाणी निवडणुका होतात आणि त्यांतल्या अनेक निवडणुकांत पक्षापेक्षा गट मोठा ठरतो. लोकसभेला एकमेकांविरुद्ध प्रचार करणारी माणसे संस्थेच्या निवडणुकीत एकाच पॅनेलमध्ये दिसतात. अशा जिल्ह्यात नुकतेच मतदार यादीत नाव आलेल्या तरुणाला, स्पर्धा परीक्षेसाठी अभ्यासिकेत दिवस काढणाऱ्या विद्यार्थिनीला किंवा आजवर मोबाइलवर येईल तेवढेच वाचत आलेल्या माणसाला नेमके काय घडले हे समजून घ्यायचे असेल, तर सुरुवात कोठून करावी हा प्रश्न रास्त आहे. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

सर्वथा निष्पक्ष असे एकच वृत्तपत्र किंवा एकच वाहिनी शोधावी आणि मग तिच्यावर डोळे मिटून विसंबावे, ही अपेक्षा आधी बाजूला ठेवावी. माझ्या मते नव्या वाचकासाठी सर्वांत भरवशाची रीत वेगळी आहे. आपल्याला प्रत्यक्ष ठाऊक असलेल्या विषयावर, म्हणजे आपल्या प्रभागातील रस्ता, आपल्या शेतातील ऊस, आपल्या नदीचे पाणी यांवर कोणते माध्यम काय छापते ते काही आठवडे लक्ष देऊन पाहावे. जवळच्या गोष्टीत जे माध्यम नावे, आकडे आणि क्रम नीट सांभाळते, त्याला दूरच्या मुंबई-दिल्लीच्या बातमीत थोडा अधिक विश्वास द्यावा. जे जवळच्याच गोष्टीत चुकते, त्याला दूरच्या गोष्टीत तेवढा देऊ नये.

पहिली पायरी: घटना, दावा आणि मत वेगळे करणे

पावसाळ्यात कोल्हापूरकर रोज राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पाणीपातळी पाहतात. तेथील इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे शाळकरी मुलेही सांगतात. आता तीन वाक्ये घ्या. ‘पंचगंगेची पातळी ४१ फुटांवर पोहोचली’ ही घटना आहे. ती जिल्हा प्रशासनाच्या नोंदीशी ताडून पाहता येते. ‘कर्नाटकातील अलमट्टी धरणातून विसर्ग वेळेवर न वाढवल्यामुळे पाणी फुगले’ हा दावा आहे. तो खरा असेल किंवा नसेल, पण त्यासाठी विसर्गाचे आकडे, वेळा आणि जलशास्त्राचा आधार लागतो. ‘कर्नाटकाला कोल्हापूरची पर्वा नाही’ हे मत आहे. वर्तमानपत्रातील एकाच बातमीत ही तिन्ही वाक्ये पाठोपाठ येतात आणि घाईने वाचणाऱ्याच्या मनात तिन्ही सारख्याच वजनाने बसतात.

म्हणून पहिले काही दिवस हातात पेन्सिल घेऊन बातमी वाचावी. घटनेखाली सरळ रेघ मारावी, दाव्याभोवती वर्तुळ काढावे आणि मत तसेच सोडून द्यावे. दावा कोणी केला, त्याने कोणता आधार दिला आणि ज्याच्यावर आरोप झाला त्याची बाजू विचारली गेली का, हे तीन प्रश्न प्रत्येक वर्तुळापाशी थांबून विचारावेत. ‘सूत्रांनी सांगितले’, ‘बोलले जात आहे’, ‘राजकीय वर्तुळात चर्चा आहे’ अशी वाक्ये ज्या बातमीत पुन्हा पुन्हा येतात आणि नाव घेऊन बोलणारा एकही माणूस दिसत नाही, ती बातमी चार दिवस बाजूला ठेवावी. पक्षांतराच्या आणि उमेदवारीच्या बातम्या बहुधा याच प्रकारच्या असतात, आणि त्यांपैकी किती खऱ्या ठरल्या हे नंतर मोजून पाहणे उद्बोधक असते.

अलमट्टीच्या विषयात आणखी एक धडा आहे, आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. कृष्णा पाणीतंटा लवादाने २०१० मध्ये या धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास कर्नाटकाला मुभा दिली. त्या उंचीवाढीला कोल्हापूर आणि सांगलीतील जवळपास सर्व पक्षांचा विरोध आहे आणि स्थानिक माध्यमांचा सूरही तोच आहे. येथे पक्षापक्षांत मतभेद नसल्यामुळे आपण वाचतो ते समतोल आहे असा समज होतो. परंतु धरणाच्या पाण्यावर सिंचनाची आशा ठेवून असलेला उत्तर कर्नाटकातील शेतकरी आपल्या वृत्तपत्रांत क्वचितच दिसतो. जेथे आपल्या गावात सर्वांचे एकमत आहे, तेथे पलीकडची बाजू मुद्दाम शोधून वाचावी लागते. २०१९ च्या महापुरानंतर राज्य शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. भाषणांतील उतारे ऐकून मत बनवण्यापेक्षा अशा समितीच्या अहवालातील निष्कर्ष स्वतः वाचणे केव्हाही चांगले.

दुसरी पायरी: माध्यम कोणाचे आहे, ते जाणून घेणे

दैनिकाच्या शेवटच्या पानावर अगदी तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते. तीत मालक, मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे, छपाईचे ठिकाण आणि कायद्यानुसार बातम्यांच्या निवडीची जबाबदारी कोणावर आहे याचा उल्लेख असतो. नव्या वाचकाने आपल्या घरी येणाऱ्या दैनिकाची ही ओळ एकदा वाचावी. बहुतेकांनी ती कधीच वाचलेली नसते.

काही माहिती तर सर्वज्ञात आहे. ‘पुढारी’ हे कोल्हापुरातच वाढलेले दैनिक जाधव कुटुंबाचे आहे. ‘सकाळ’ समूह पवार कुटुंबाकडे आहे. ‘लोकमत’ दर्डा कुटुंबाचा असून त्या कुटुंबातील सदस्य काँग्रेसकडून खासदार आणि मंत्री राहिलेले आहेत. ‘लोकसत्ता’ इंडियन एक्स्प्रेस समूहाचे आणि ‘महाराष्ट्र टाइम्स’ टाइम्स समूहाचे दैनिक आहे. ‘सामना’ १९८८ मध्ये शिवसेनेचे मुखपत्र म्हणूनच सुरू झाला आणि आज तो ठाकरे गटाची भूमिका मांडतो. वाहिन्यांपैकी एनडीटीव्हीवर २०२२ च्या अखेरीस अदानी समूहाचे नियंत्रण आले, तर नेटवर्क १८ रिलायन्सच्या ताब्यात आहे.

ही यादी पाहून एकेक माध्यम बाद करत जाऊ नये. मालक कोण हे कळले म्हणजे बातमी खोटी ठरत नाही. कोणत्या विषयावर ती अधिक बारकाईने वाचायची, एवढेच कळते. मुखपत्राचाही उपयोग असतो, कारण पक्षाची अधिकृत भूमिका तेथे स्पष्ट शब्दांत सापडते. मात्र विरोधकांविषयीची बातमी तेथून घेऊ नये.

मालकीइतकाच जाहिरातीचा विचार करावा लागतो. जिल्हा आवृत्त्यांना शासकीय जाहिराती, कारखाने, पतसंस्था, शिक्षणसंस्था आणि बांधकाम व्यावसायिक यांच्याकडून उत्पन्न मिळते, आणि यांपैकी अनेक संस्था राजकीय नेत्यांच्याच असतात. नेत्याच्या वाढदिवसाला निघणारी पुरवणी ही जाहिरातच असते, जरी तिच्यातील लेखांची मांडणी बातमीसारखी असली तरी. पानाच्या कोपऱ्यात ‘जाहिरात’, ‘प्रायोजित’ किंवा ‘मार्केटिंग उपक्रम’ असे बारीक अक्षरांत लिहिले आहे का, हे आधी पाहावे.

निवडणुकीच्या काळात हा प्रकार अधिक गंभीर होतो. २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर पत्रकार पी. साईनाथ यांनी महाराष्ट्रातील प्रतिस्पर्धी दैनिकांत उमेदवाराविषयी शब्दशः सारखाच मजकूर बातमी म्हणून छापला गेल्याचे दाखवून दिले आणि पेड न्यूज, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेला प्रचार, हा विषय देशभर चर्चेत आला. पुढे अशा मजकुरावर लक्ष ठेवण्यासाठी निवडणूक आयोगाने जिल्हास्तरावर माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समित्या नेमण्याची पद्धत सुरू केली. प्रत्येक निवडणुकीत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या देखरेखीखाली अशी समिती काम करते. वाचकाला यावरून एक सोपी खूण मिळते. दोन वेगळ्या दैनिकांत एकाच उमेदवाराविषयी तीच वाक्ये आणि तेच छायाचित्र दिसले, विरोधी उमेदवाराचा उल्लेखही नसला आणि बातमीदाराचे नाव नसले, तर तो मजकूर प्रचार कार्यालयातून आलेला आहे असे धरून चालण्यास हरकत नाही.

तिसरी पायरी: एकच बातमी अनेक ठिकाणी वाचणे

११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने महाराष्ट्रातील सत्तासंघर्षावर निकाल दिला. राज्यपालांनी बहुमत चाचणी घेण्यास सांगणे कायद्याला धरून नव्हते, असे न्यायालयाने म्हटले. शिंदे गटाच्या प्रतोदाला (व्हिपला) विधानसभा अध्यक्षांनी दिलेली मान्यताही बेकायदा ठरवली. परंतु उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिला असल्यामुळे पूर्वस्थिती आणता येत नाही, असेही त्याच निकालात नमूद केले आणि आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांनी वाजवी मुदतीत घ्यावा असे सांगितले.

त्या दिवशी दोन्ही गटांनी निकाल आपल्याच बाजूने लागल्याचे सांगितले, आणि दोघांनाही निकालपत्रात आपल्या उपयोगाची वाक्ये सापडली. केवळ राज्यपालांवरील ताशेऱ्यांचा मथळा वाचणाऱ्याला सरकार जाणार असे वाटले असेल. केवळ सरकार वाचल्याचा मथळा वाचणाऱ्याला सर्व प्रक्रिया वैध ठरली असे वाटले असेल. दोन्ही मथळे खरे असूनही वाचकाची समजूत अपुरी राहण्याचा धोका होता. ज्याने दोन विरुद्ध कलांची वृत्तपत्रे शेजारी ठेवून वाचली, त्याला चारही मुद्दे मिळण्याची शक्यता अधिक होती.

म्हणून मोठ्या राजकीय बातमीसाठी किमान तीन ठिकाणे ठेवावीत: सत्ताधाऱ्यांकडे कल असलेले एक, विरोधकांकडे कल असलेले एक, आणि ज्याला या वादात फारसा लाभ नाही असे एक. तिसऱ्या जागी आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या, पीटीआयसारख्या वृत्तसंस्थेची बातमी, बीबीसी मराठी किंवा एखादे इंग्रजी दैनिक चालेल. आकाशवाणी शासकीय आहे हे लक्षात ठेवूनच ऐकावी, पण काय घडले हे थोडक्यात आणि आरडाओरड न करता कळण्यासाठी ती उपयोगी पडते. तिन्ही ठिकाणी जे समान आहे ते एका बाजूला लिहावे. जे एकाच ठिकाणी आहे ते दुसऱ्या बाजूला. एका ठिकाणाने काय वगळले हे पाहणे तर त्याहून महत्त्वाचे, कारण कल बहुधा गाळलेल्या परिच्छेदांत दिसतो.

येथे समतोल म्हणजे दोन्ही बाजूंना समान जागा, असा अर्थ घेऊ नये. शक्तिपीठ महामार्गाला कोल्हापुरात विरोध करणारे शेतकरी आहेत आणि पाठिंबा देणारेही आहेत. दोघांच्या सभांना दोन-दोन रकाने देणारी बातमी वरवर समतोल दिसते. पण किती गावांतील किती जमीन लागणार, मोबदला कोणत्या दराने, अधिसूचना कोणत्या टप्प्यावर आहे आणि हरकती किती आल्या हे ती सांगत नसेल, तर वाचकाच्या हाती दोन घोषणांखेरीज काही येत नाही.

चौथी पायरी: मूळ कागदापर्यंत जाणे

ही पायरी कठीण वाटते, परंतु कोल्हापूरच्या वाचकाला ती शिकण्यासाठी एक उत्तम विषय घरीच उपलब्ध आहे, तो म्हणजे उसाचा दर. २०२५-२६ च्या गाळप हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के मूळ उताऱ्याला (उतारा म्हणजे उसातून मिळणाऱ्या साखरेचे प्रमाण) क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर किंमत, ठरवली. आदल्या हंगामात ती ३४० रुपये होती. उतारा ०.१ टक्क्याने वाढला की क्विंटलमागे ३.४६ रुपये वाढतात.

सत्ताधारी या निर्णयाची बातमी टनाला १५० रुपयांची वाढ अशी सांगतात, आणि ते बरोबर आहे. शेतकरी संघटना सांगतात की पूर्वी ९.५ टक्के असलेला मूळ उतारा आधी १० आणि मग १०.२५ टक्क्यांवर नेल्यामुळे शेतकऱ्याचा वाढीव उताऱ्याचा लाभ कमी झाला. तेही बरोबर आहे. कारखाना पहिली उचल (उसाच्या पैशाचा पहिला हप्ता) जाहीर करतो, तेव्हा ती तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा जाता आहे की त्यासह, हे मथळ्यात नसते. शेतकऱ्याच्या खात्यावर येणारी रक्कम कारखान्याचा उतारा आणि तो वजा केलेला खर्च या दोहोंवर ठरते. ज्या घरात उसाचे बिल येते, तेथे या सर्व दाव्यांची तपासणी स्वयंपाकघरातील डब्यात ठेवलेल्या त्या कागदावर करता येते. नव्या वाचकाने हे एकदा करून पाहावे: जाहीर झालेला दर, कारखान्याचा उतारा, वजावट आणि हाती आलेली रक्कम हे चार आकडे एका ओळीत मांडावेत आणि मग त्याच आठवड्यातील दोन दैनिकांच्या बातम्या पुन्हा वाचाव्यात. कोणत्या बातमीदाराने चारही आकडे दिले आणि कोणी एकच आकडा घेऊन मथळा केला, हे लगेच कळते. आणि त्या बातमीदाराचे नाव लक्षात ठेवण्यासारखे असते.

उसाव्यतिरिक्त इतर विषयांचेही मूळ कागद मिळतात. राज्य शासनाचे निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर मराठीत आणि संकेतांकासह प्रसिद्ध होतात. मंत्र्यांनी सभेत केलेली घोषणा आणि प्रत्यक्ष निघालेला शासन निर्णय यांत अनेकदा अंतर असते, अटी आणि पात्रता निर्णयातच सापडतात. उमेदवाराची मालमत्ता, शिक्षण आणि त्याच्यावरील गुन्हे यांसाठी निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरील शपथपत्र पाहावे. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था तीच माहिती सोप्या स्वरूपात मांडते. संसदेतील विधेयकांसाठी पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्चचे सारांश उपयोगी पडतात. जे कोठेच प्रसिद्ध झालेले नाही, त्यासाठी २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. महापालिकेच्या रस्त्याच्या कामाची निविदा आणि दिलेले बिल मागण्यासाठी वकील लागत नाही.

पाचवी पायरी: मोबाइलवर आलेल्या मजकुरापाशी थांबणे

जून २०२३ मध्ये काही जणांनी ठेवलेल्या आक्षेपार्ह स्टेटसवरून कोल्हापूर शहरात तणाव निर्माण झाला, ७ जूनच्या बंदला हिंसक वळण लागले, पोलिसांनी लाठीमार केला आणि मोबाइल इंटरनेट बंद ठेवावे लागले. एका पडद्यावरचा मजकूर काही तासांत रस्त्यावर कसा येतो, हे या शहराने स्वतः पाहिलेले आहे. म्हणून ही पायरी मी सर्वांत आग्रहाने सांगतो.

राग किंवा भीती निर्माण करणारा मजकूर आला, तर तो पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. चित्र असेल तर गूगल लेन्सवर टाकून ते याआधी कोठे आणि केव्हा प्रसिद्ध झाले हे पाहावे. जुने किंवा दुसऱ्या राज्यातील छायाचित्र नव्या घटनेच्या नावाने फिरवणे हा सर्वांत सामान्य प्रकार आहे. चित्रफीत असेल तर तिच्यातील दुकानांच्या पाट्या, वाहनांचे क्रमांक आणि बोलली जाणारी भाषा यांकडे लक्ष द्यावे. वृत्तपत्राचे कात्रण किंवा वाहिनीचा ठळक मथळा असेल, तर त्या माध्यमाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तो सापडतो का ते पाहावे, कारण बनावट कात्रण तयार करणे आता कोणालाही जमते. ऑल्ट न्यूज, बूम, न्यूजचेकर आणि फॅक्ट क्रेसेंडो या संस्था अशा मजकुराची तपासणी करतात आणि त्यांपैकी काहींचे काम मराठीतही उपलब्ध आहे. पीआयबीचा, म्हणजे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाचा, तथ्य तपासणी विभाग केंद्र सरकारविषयीचे दावे तपासतो. तो सरकारचाच विभाग असल्यामुळे सरकारवरील टीकेचा अंतिम निवाडा त्याच्याकडून घेऊ नये.

घरातील वडीलधाऱ्या माणसाने चुकीचा मजकूर पाठवला असेल, तर त्याला गटात सर्वांसमोर खोटे ठरवू नये. ‘काका, हे छायाचित्र जुने आहे, हा बघा त्याचा मूळ दुवा’ असे त्यांना स्वतंत्रपणे कळवले, तर ते बहुधा ऐकतात आणि पुढच्या वेळी पाठवण्याआधी विचारतातही.

रोजचा क्रम आणि तक्रार

यासाठी दिवसाचे फार तास लागत नाहीत. सकाळी दोन दैनिकांची राजकीय पाने वाचावीत, संध्याकाळी एकदा बातमीपत्र ऐकावे आणि रात्रीच्या वादचर्चा टाळाव्यात. त्या चर्चांत माहिती थोडी आणि चढा आवाज फार असतो. दोन-तीन दैनिके विकत घेणे परवडत नसेल, तर १८५० पासून चालत आलेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या वाचनालयात किंवा गावच्या सार्वजनिक वाचनालयात जावे. तेथे एकाच टेबलावर विरुद्ध कलांची दैनिके शेजारी पडलेली असतात, आणि मोबाइलप्रमाणे आपल्या आवडीचाच मजकूर पुढे सरकवणारी यंत्रणा तेथे नसते. मोठी घटना घडली की पहिल्या काही तासांतील तपशील कच्चे असतात. दुसऱ्या दिवसाच्या अंकापर्यंत मत राखून ठेवणे शहाणपणाचे आहे. मतदानोत्तर चाचण्यांबाबतही असेच करावे. प्रत्यक्ष निकाल थोड्याच दिवसांत येणार असतो.

चुकीची बातमी छापून आली, तर प्रथम संपादकांना लेखी कळवावे. तारीख, पान, मथळा, नेमके कोणते वाक्य चुकले आणि बरोबर माहितीचा पुरावा, एवढे एका पानात मावते. खुलासा पुढील अंकांत छापला जातो का, आणि मूळ बातमी पहिल्या पानावर असताना खुलासा कोणत्या पानाच्या कोपऱ्यात येतो, याची नोंद ठेवावी. उत्तर न मिळाल्यास भारतीय प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. दैनिकांच्या बाबतीत बातमी प्रसिद्ध झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत ती पाठवावी लागते, आणि संपादकांशी झालेल्या पत्रव्यवहाराची प्रत सोबत जोडावी लागते. प्रेस कौन्सिलचे अधिकार छापील माध्यमांपुरते आहेत. वाहिनीविषयीची तक्रार आधी त्या वाहिनीकडे आणि नंतर, ती वाहिनी सदस्य असल्यास, वृत्तवाहिन्यांच्या स्वयंनियमन प्राधिकरणाकडे करावी.